तिसऱ्या रांगेतला खोकला

"तो खोकला काढून टाका," नव्या मॅडम म्हणाल्या.

बटणमावशी फिरत्या खुर्चीत वळल्या. शास्त्रीय संगीताच्या त्या रेडिओ केंद्रावर आवाजाची सगळी बटणं त्यांच्या ताब्यात होती, आणि त्यांचं खरं नाव बहुधा फक्त पगारपत्रकाला ठाऊक होतं.

"कुठला खोकला?"

"उद्या सकाळच्या मैफलीतला. व्हायोलिनवादक पहिला भाग संपवून थांबतात, टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता असते, आणि नेमकं कुणीतरी खोकतं. गेल्या वर्षी घरी ऐकत होते, हातातला चहा सांडला. रेडिओ केंद्र आहे की दवाखान्याचं बाकडं?"

नव्या खुर्चीत बसलेली माणसं आधी पडदे बदलतात. मॅडमनी खोकला निवडला होता.

"तो नानांच्या बायकोचा आहे," मावशी म्हणाल्या.

नाना म्हणजे केंद्राचे जुने निवेदक. आता निवृत्त. मैफल केंद्राच्याच सभागृहात झाली होती आणि निवेदन नानांचं होतं. बायकोला सर्दी होती. "तू आज येऊ नकोस, माईक सगळं ऐकतो," असं त्यांनी बजावलं होतं. ती आली, तिसऱ्या रांगेत बसली, पहिला भाग संपेपर्यंत दम धरला, आणि मग ओठ मिटून, चोरून, एकदाच खोकली. नाना आठवडाभर तिच्यावर धुसफुसत होते.

ती सर्दी नव्हती, हे पुढच्या महिन्यात कळलं. त्या वर्षीचा हिवाळा तिनं पाहिला नाही.

नानांचा आवाज केंद्रात कपाटभर साठवलेला होता. घरात बोलण्याचा मक्ता मात्र जिच्याकडे होता, तिचा म्हणून जगात तेवढा एक खोकला उरला. म्हणून दरवर्षी तिच्या जाण्याच्या दिवशी ती मैफल लावली जाई.

माणूस म्हणून मॅडम वाईट नव्हत्या, फक्त नव्या होत्या.

"वाईट वाटतं हो. पण ऐकणारे हजारो आहेत. एकट्यासाठी सगळ्यांना किती वर्षं खोकला ऐकवायचा?"

"बघते," मावशी म्हणाल्या.

त्या केंद्रावर 'नाही' म्हणायचं असलं की 'बघते' म्हणत.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी आपल्या खोलीतल्या संगणकावर ती मैफल स्वतः ऐकून पाहिली. पहिला भाग संपला. शांतता आली. शांतता धुतल्या काचेसारखी होती. खोकल्याचा मागमूस नव्हता.

भांडणाची तयारी करून बसलेल्या माणसाला समोरच्यानं न भांडता ऐकलं की चुकल्यासारखं होतं. मॅडम आभार मानायला खाली गेल्या. मैफल प्रसारित होऊ लागली होती.

"छान काढलात, मावशी. काल जरा कडक बोलले मी."

"मी काही काढलं नाही." मावशींचे डोळे आवाजाची पातळी दाखवणाऱ्या काट्यावर होते. "जुन्या टेपा संगणकावर चढवायला बाहेरची माणसं आली होती. त्यांनी खरखर काढली, खुर्च्यांची करकर काढली, त्यात हाही गेला. टेपा भंगारात गेल्या. फार वर्षं झाली त्याला."

"मग गेल्या वर्षी मी ऐकला तो?"

मावशींनी समोरच्या छोट्या माईककडे हनुवटीनं खूण केली. मॅडमना बसायला स्टूल शोधावं लागलं.

"ही फसवणूक आहे, मावशी. हजारो लोकांची."

"छे हो. एकाचीच."

"आणि त्यांना कळलं नाही कधी?"

"मैफल संपली की फोन करतात ना. दरवर्षी ठरलेलं वाक्य. 'ऐकलं. घशाला जपा.' निवेदक माणूस, घशापलीकडे दुसरं काय सुचणार?"

व्हायोलिन हळूहळू उतरणीला लागलं होतं.

"तुम्ही नको म्हणाल तर नाही खोकणार," मावशी म्हणाल्या. "नोकरी तुमच्या हातात आहे. फक्त फोनवर त्यांना काय सांगायचं, तेवढं सांगून ठेवा."



पहिला भाग संपला. मावशींनी सवयीनं माईक जवळ ओढला. पण इतक्या वर्षांत ही गोष्ट त्यांनी कुणाला तोंडानं सांगितली नव्हती, आणि आज सांगून बसल्या होत्या. त्यांची हनुवटी थरथरली. आता जे बाहेर पडलं असतं तो खोकला नव्हता, हुंदका होता. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड दाबलं, मान हलवली आणि खुर्ची मागे सरकवली.

शांतता ताणली गेली. वादक आता गज उचलणार होता.

मॅडम पुढे वाकल्या, माईकचं लाल बटण दाबलं आणि खोकल्या. ओठ मिटून, चोरून, एकदाच. येऊ नकोस म्हटलेलं असताना आलेल्या बाईसारखं.

व्हायोलिन पुन्हा सुरू झालं. उरलेली मैफल संपेपर्यंत दोघींपैकी कुणीही कुणाकडे पाहिलं नाही.

फोन वाजला. मावशींचा पदर अजून डोळ्यांवर होता. त्यांनी हातानंच खुणावलं, तुम्हीच घ्या. मॅडमनी घसा साफ केला आणि फोन उचलला.

"ऐकलं," नाना म्हणाले. म्हातारपणीही शब्द नाण्यासारखा खणखणीत होता. पण पुढचं 'घशाला जपा' आलं नाही.

"आज दुसरं कुणीतरी खोकलं. आमच्या बटणमावशी बऱ्या आहेत ना?"