पाचव्या श्वासाची खोड

"कंबर झ्याक झाली, पण तुझ्या पट्ट्याला खोड आहे. पाचव्या श्वासाला माझा हात उगाच कानामागं जातो. काढ ती!" चंद्रभागाबाईंनी दुरुस्तीवाल्याला फर्मावलं.

त्यांची वारलेली लेक केसर पिलाटीस नावाचा व्यायाम शिकवायची; तिच्या हालचाली त्या पट्ट्यात साठवलेल्या होत्या. पट्टा बांधला की आईचं अंग लेकीसारखं वळायचं आणि कंबरेचा ठणका पळायचा.

"पुसली, मावशी," थोड्या वेळानं पट्टा परत देत तो म्हणाला. "केसरताई व्यायाम शिकवताना केसांची बट कानामागं सारायच्या, तेच उतरलं होतं."

"मग परत घाल की, मेल्या!"

"पुसलेलं परत येत नाही."

दुसऱ्या दिवशी पट्टा बांधून, चटईवर पडून बाईंनी कंबर उचलली. पाचवा श्वास आला, तरी हात निपचितच. शेवटी त्यांनी तो स्वतःच कानामागं नेला. नेणारी केसर नव्हती. कंबर मात्र मुळीच दुखत नव्हती.