खरखर

कामिनीनं चिखलाचे हात पदराला पुसले, शेताच्या कडेला धुऱ्यावर ठेवलेल्या टेपचं झाकण उघडून कॅसेट आत सरकवली आणि बटण दाबलं. रेडिओची खरखर थांबली. लग्नाच्या गाण्याची ढोलकी भाताच्या बांधीभर ऐकू जाऊ लागली. धानाची रोपं लावत रोवणा करणाऱ्या बाया ओणव्यानंच हसल्या. सकाळपासून त्या खरखरीनं त्यांचे कान किटले होते.

"आता कसं," धुरपता म्हणाली. "आता हात चालतीन."

रांगेच्या टोकाला असलेली शकुनबाई मात्र ताठ उभी राहिली. टेप तिचा होता.

"कोणं लावली कॅसेट?"

"मी, काकी. नुसता खरखर करून राहिला होता. रेडिओ अन् कॅसेट एकाच डब्ब्यात आहे, मंग गाणं काहून नाही आयकाचं?"

"कॅसेट वाजली का रेडिओ मुका होते." शकुनबाई चिखल तुडवत धुऱ्यावर आली. "मी हा डब्बा गाण्यासाठी आणतो, असं तुले कोणं सांगतलं?"

तिनं कॅसेट थांबवली. खटका पुन्हा रेडिओकडे केला आणि जिथे कोणतंच स्टेशन लागत नव्हतं, तिथे काटा आणून ठेवला. क्षणभर नुसती सपाट सुरसुर. मग खर्र. थोडं थांबून पुन्हा खर्र, खर्र.

"निघा," ती म्हणाली. "सगळ्या निघा बांधीतून."

डोक्यावर ऊन होतं. दूर दक्षिणेला, तलावाच्या पाळीपलीकडे, आभाळाची एक काळसर पट्टी होती. गडगडाट अजिबात नव्हता. बांधीचा मालक गोपीचंद पऱ्यांच्या, म्हणजे रोपांच्या, पेंड्या फेकत होता, तो थांबला.

"काय मावशी, उन्हात ईज पडते का? परे उपटून पडले आहेत. उद्या तुम्ही दुसऱ्याच्या बांधीत जासान."

"अन् पडली तं? आमच्या तेरवीले तूच रोवत बसशील का, बापा?"

बाया हसल्या, थोड्या कुरकुरल्या, पण निघाल्या. करडीच्या रस्त्याला लागून समाजमंदिर होतं. त्याच्या व्हरांड्यात त्या भिंतीला टेकून बसल्या. शकुनबाईनं टेप मध्ये ठेवला. कामिनी त्याच्याजवळ सरकली.

"ही खरखर म्हणजे का, काकी?"

"ईज. एक पडली का एकदा खरकते."

"पण दिसून तं नाही राहिली. आवाजही नाही."

"दूर आहे ना. आवाज दुरून येत नाही. खरखर येते." शकुनबाईनं काळ्या पट्टीकडे पाहिलं. "साकोलीकडे असन."

कामिनीचा हात कमरेशी गेला. तिथे प्लॅस्टिकच्या पिशवीत फोन खोचलेला होता. तिचं माहेर एकोडी साकोलीकडेच होतं आणि आई, सुशीलाबाई, आज रोवण्यावर गेली होती. कामिनीनं नंबर लावला.

"माय, कुठं आहेस?"

"बांधीत. अजून कुठं?" सुशीलाबाईचा आवाज दमलेला होता. "आभाळ आलं, पण पाणी नाही. एक बांधी राहिली, तेवढी मारून टाकतो."

रेडिओ खरकला.

"माय, पडली."

"हो वो, लवकली आताच. तुले कसं समजलं?" तिचं हे विचारून झालं, मग फोनमधून गडगडाट ऐकू आला.

खर्र.

"आता पडली."

"आँ! तिथून दिसते का तुले?"

"नाही. इकडं ऊन आहे."

रेडिओ पुन्हा खरकला. या वेळी गडगडाट लवकर आला.

"माय, जवळ येऊन राहिली ते. निघ. झाडाखाली नको उभी राहू, शाळेत जाय."

"बायाहो, निघा वो!" फोनपासून तोंड वळवून सुशीलाबाई ओरडली. "माही पोरगी करडीवरून सांगून राहिली! तिले तिथं समजून राहिलं! निघा!"

मग फोनमध्ये फक्त चिखलातून पळणाऱ्या पावलांचे आवाज. कोणीतरी पडलं, कोणीतरी कोणाला ओढलं. गोपीचंद पायरीपाशी येऊन उभा होता. पऱ्यांची एक पेंडी अजून त्याच्या हातात होती आणि तिचं पाणी पायरीवर ठिबकत होतं.

खर्र.

रेडिओचा आवाज होता तेवढाच होता, आधीच्या प्रत्येक वेळेसारखा, काडी मोडावी इतका लहान. फोनमधून मात्र त्याच क्षणी असा आवाज फुटला की कामिनीनं फोन कानापासून लांब धरला.

"माय?"

काही नाही.

"माय!"

"आलो," धापा टाकत सुशीलाबाई म्हणाली. "सगळ्या आलो शाळेत." मग हळू आवाजात तिनं विचारलं, "तू कुठून पाहून राहिली होती वो?"

कामिनीनं फोन मांडीवर ठेवला आणि दुसऱ्या हातानं टेपला स्पर्श केला.

खर्र.

"ही कुठची?" धुरपतानं विचारलं.

"मले कसं समजन?" शकुनबाई म्हणाली. "पडली कुठंतरी."

धुरपतानं कमरेची पिशवी सोडून फोन काढला. मग तिच्या शेजारणीनं काढला. पालांदूर, अड्याळ, लाखनी, एकेकीच्या तोंडून माहेराचं नाव येऊ लागलं. गोपीचंदनं पेंडी खाली ठेवली, ओले हात सदऱ्याला पुसले आणि लाखांदूरला दिलेल्या बहिणीचा नंबर शोधू लागला. रेडिओ खरकला की व्हरांडा एकदम गप्प होई, आणि पलीकडून कोणीतरी बोलेपर्यंत कोणीच श्वास सोडत नसे.