नऊ ठिपके

डोळ्यांची हालचाल टिपणाऱ्या हेडसेटची जुळणी आजही कुणीतरी विस्कटली होती. शाल्मली रोज सकाळी तो स्वतःच्या नजरेशी जुळवून ठेवी आणि जेवणाच्या सुट्टीनंतर सगळ्यावर पाणी फिरलेलं असे. प्रयोगशाळेची किल्ली तिच्याशिवाय दोघांकडेच होती: मार्गदर्शक हर्डीकर सर आणि सोबत संशोधन करणारा पुष्कर. सरांवर संशय घेणं म्हणजे पापच. पुष्कर मात्र हल्ली नजर चुकवत होता. त्याच्याविरुद्धची तक्रार तिने लिहूनही ठेवली होती.

"आज चोर शोधतेच," असं सरांना सांगून तिने पुराव्यासाठी यंत्रातली नोंद उघडली. सुट्टीत हेडसेट लावून कुणीतरी जुळणीच्या नऊही ठिपक्यांकडे पाहिलं होतं. डावा डोळा प्रत्येक ठिपक्यावर गेला होता. उजवा जागचा हललाच नव्हता. आठवडाभर, रोज.

उजवीकडून हाक मारली की अख्खी मान वळवणारे, वर्गातही गडद चष्मा न काढणारे सर तिला आठवले.

"सापडला का गं तुझा चोर?" सर आत येऊन खुर्चीत बसले.

"चोर कसला सर, यंत्रच नवीन आहे." तिने तक्रारीचा कागद मुठीत चुरगळला. शिपायाने सरांच्या उजव्या हाताशी ठेवलेला चहा उचलून तिने डावीकडे ठेवला.

सर कपाकडे बघत राहिले. मग, तिच्यासमोर पहिल्यांदाच, त्यांनी चष्मा काढला.