पाया सूपानंतर

लासुर्ण्याच्या जयवंताबाईंची सून याएल ही ज्यू. मटण आणि दूध एकत्र चालत नाही, म्हणून जयवंताबाईंनी भांडी वेगळी केली होतीच. शिवाय मटण खाल्लं की पुढचे तीन तास त्या सुनेला दारच्या म्हशीजवळसुद्धा फिरकू देत नसत.

त्या दिवशी बाळंतीण याएलला त्यांनी ज्यू रीतीनं कापलेल्या, पुण्याहून मुद्दाम आणवलेल्या बोकडाच्या पायांचं सूप स्वतःच्या हातानं पाजलं, आणि लगेच बाळ भुकेनं रडायला लागलं. आता मटणावर लगेच दूध!

"थांब गं, इचारून येते," म्हणत त्यांनी ओसरीवर जाऊन ठाण्याच्या विहीणबाईंना फोन लावला. "चूक माजी हाय. तुमच्या देवाला सांगा, पाप मला लागू दे. पन लेकरू तीन तास उपाशी ऱ्हानार न्हाय."

"अहो, आईचं दूध दुधात धरत नाहीत," विहीणबाई म्हणाल्या.

जयवंताबाई धावत आत आल्या. बाळ पिता पिता झोपलं होतं.

"तुला ठाऊक व्हतं?"

"होय, आई."

"मग सांगायचं न्हाय व्हय?"

याएलनं डोळे पुसले. "तुम्ही देवाशी भांडत होता. मध्ये कसं बोलणार?"