रूपरावांची टोरिक लेन्स

रोहणा गावच्या रूपरावांचं एकच रडगाणं होतं. दोघा भावांच्या वावरांमधला धुरा, म्हणजे बांध, धाकट्या कैलासनं कोरत कोरत त्यांच्या हद्दीत घुसवला.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डॉक्टर म्हणाले, "डोळ्याला तिरपा नंबरही आहे. टोरिक लेन्सनं तो जाईल, पण ती अचूक कोनात बसायला हवी. साधी टाकली तर चष्मा राहील."

"साधीच टाका न बाबा," लेक वर्षाली म्हणाली. "चष्म्याची सवय हाय तुमाले."

"नाई! टोरिकच पायजे," रूपराव कडाडले. "तो कैलास मले आंधळा समजून राह्यला. त्याची चोरी आता मी बिनचष्म्यानं पाहीन, अन् चार लोकाइले दाखवीन!"

डोळा बरा होताच ते वर्षालीला आणि गावातल्या चार जाणत्यांना घेऊन धुऱ्याच्या टोकाशी उभे राहिले. हद्दीच्या या दगडापासून त्या दगडापर्यंत त्यांनी नजर टाकली. मधल्या बोरीच्या झाडापर्यंत धुरा सरळ होता. पुढे मात्र तो चांगलं पोट काढून कैलासच्याच वावरात शिरला होता.

जाणती मंडळी गालात हसली. रूपरावांनी घसा खाकरला.

 

"वर्षाली, त्या डॉक्टरले फोन लाव. सांग त्याले, लेन्स तिरपी बसवली म्हणून."