कुंदाबाईचं चित्र

"मढं काढलंस, मढं!" नाना म्हणाले आणि हिलालच्या हातातलं चित्र टरकन फाडलं.

सगळे हसले. हसावंच लागे; जो हसला नाही, त्याचा नंबर पुढचा. जळगावच्या त्या चित्रशाळेत नाटकाचे पडदे, सिनेमाचे बोर्ड, साबणाच्या जाहिराती असं सगळं होई, आणि रोज दहाच्या ठोक्याला नानांचा हा दरबार भरे.

कारागिरांनी चित्र पुरं करायचं, डोळे मात्र कोरे ठेवायचे, असा तिथला रिवाज. डोळे उघडायचे ते नानांनीच, आतल्या पडद्याआड. रंग हातात द्यायला फक्त त्यांची बायको धुरपदाबाई आत जाई. अर्ध्या तासानं चित्र बघू लागे आणि खाली सही नानांची.

नानांचा थाटच न्यारा. आलेली पत्रं धुरपदाबाईनं वाचून दाखवायची. चहाचा कपसुद्धा तिनंच हातात द्यायचा. माणूस तर पावलांवरून ओळखत. "चपला घासत आला तो अभिमन," म्हणायचे की पुन्हा हशा. अकरा वर्षं अभिमन हे मुकाट्यानं गिळत होता. नाना कितीही वाईट बोलोत, त्यांची नजर चुकत नाही, यावर त्याची श्रद्धा होती.

त्याची बायको कुंदाबाई दोन वर्षांपूर्वी तापानं गेली. फोटो एकही नव्हता. धाकटी पोर रोज विचारायची, आई कशी दिसायची? शेवटी अभिमननं आठवून आठवून कुंदाबाई कागदावर काढली, आणि जन्मात पहिल्यांदा डोळेही स्वतःच उघडले. भिंतीवर लावण्याआधी नानांनी एकदा 'बरं आहे' म्हणावं, एवढीच आस.

"भाऊ, त्याले नको दखाडू," हिलाल कानाशी कळवळला. "घर लई जाय. हाई वहिनी शे, बोर्ड नही."

पण चित्र घरी न्यायचं सोडून अभिमन ते दाखवायला पुढे झाला. "नाना, आज डोळ्यांसकट केलंय. बघा ना."

नानांनी कागद अगदी नाकाशी धरला. रंग वाळलाय का बघावा तशी त्यावरून बोटं फिरवली.

"डोळे उघडायला कोणी सांगितलं तुला? मेलेत ते. चुलीवर रंगाचा सरस उकळतोय ना? घाल त्याच चुलीत."

कुणीच हसलं नाही.

"हसा की!" नाना ओरडले. तेव्हा हसले.

अभिमननं चित्राकडे पाहिलं. सकाळी ती त्याच्याकडे बघत होती. आता त्यालाही ते डोळे मेलेलेच दिसले. म्हणजे आपल्याला कुंदा आठवतच नाही! परक्या बाईचं तोंड दाखवून पोरीला आई म्हणून फसवायचं? त्यानं स्वतःच्या हातानं कागद चुलीत सारला आणि जळून संपेस्तोवर तिथंच उभा राहिला. मग कुंचलेही त्यामागोमाग टाकले आणि बाहेर पडला.

कोपऱ्यावर गेल्यावर आठवलं, भाकरीचा डबा राहिला. थोरलीनं पहाटे उठून थापलेली भाकर. तो माघारी वळला. पुन्हा हशा नको म्हणून चपला हातात घेऊन आत शिरला. डबा पडद्याजवळच्या खुंटीला होता.

पडद्याआड नाना हळू आवाजात विचारत होते, "धुरपदा, मघाशी काय जाळलं गं त्यानं? बाईचं चित्र होतं, की पुरुषाचं?"