गोठ्यामागचा पक्षी

नोंद क्रमांक ४०७१२ ने आधी घसा खाकरला. पंचवीस वर्षांपूर्वीच्या सर्वेक्षणातल्या नोंदी आताशा त्या माणसासारख्या बोलायच्या, नव्या प्रश्नांना उत्तरं द्यायच्या, पण नाव-गाव पुसलेलं आणि आवाज यंत्राचा. नोंदीमागचा माणूस ओळखला, तर संशोधकाचा परवाना कायमचा रद्द.

नयना टेंभेकरच्या प्रबंधातली ही शेवटची नोंद. "दिवसातून स्वतःसाठी किती वेळ मिळतो?" तिने विचारलं.

"अकरा मिनिटं. गोठ्यामागे जाऊन शीळ घालते. लेकीला वाटतं, पक्षी आहे. वहीत चित्र काढलंय कार्टीने, वर लाल तुरा!"

तो तुरा लहानपणी नयनाने कुंकवाने रंगवला होता. आई जाऊन सहा वर्षं झाली होती.

पडद्यावर प्रश्न उमटला : ओळख पटली?

हो म्हटलं, तर प्रबंध जाणार आणि ही नोंदही.

"छे," नयना डोळे पुसत म्हणाली. "बाई अनोळखी आहेत. पण ग्रेट आहेत."

"मीसुद्धा तुम्हाला ओळखत नाही हो," नोंद म्हणाली. "पण उपाशी वाटताय. आधी दोन घास खा."

आणि तिने लांबलचक शीळ घातली.

यंत्राने इमानदारीत लिहून घेतलं : पार्श्वभूमीला पक्षी.